फुंकरीचं लाल

शिंप्याच्या दुकानावरच्या हॉलमध्ये मुंगी शिरायला जागा नव्हती. खोकणारे पुढे, त्यांना धरून आणणारे मागे. टेबलावर काचेची पसरट वाटी, वाटीत काळपट रक्त. श्वासमहाराज वाटी गोल गोल फिरवत, आत फुंकर घालत गाऊ लागले :

"काळं जाई, लाल येई,
छातीची बेडी गळून जाई..."

बघता बघता रक्त डाळिंबाच्या दाण्यासारखं उजळलं. हॉलभर सुस्कारा पसरला.

"पाप धुतलं गेलं," महाराज म्हणाले. "आता ते दम्याचे पंप फेका. पंप सायकलला मारतात, माणसाला नाही."

लोक खोकत खोकत हसले.

रक्त आप्पांचं होतं. काढलं होतं त्यांच्या लेकीने. ती रक्त तपासायच्या लॅबमध्ये नोकरीला, सगळ्यांची लॅबवाली ताई. "ताई स्वतः सुई लावते, मग खोटं कसं असेल?" बायका एकमेकींना सांगत. ते ऐकून ताईला बरं वाटे. आप्पांची वर्षानुवर्षांची धाप तिला बघवत नव्हती. बुडत्याला काडीचा आधार, तसे तिला महाराज. त्यांचा शब्द झेलून तिने आप्पांचा पंप कपाटात मागे सरकवून ठेवला.

मग एका दुपारी आप्पा जिन्यातच बसले. ओठ जांभळे, बोलायलाही श्वास पुरेना.

"पंप कुणी बंद केला?" दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी विचारलं.



"मीच," आप्पा मास्कमधून म्हणाले. "कंटाळा आला."

लेकीला झाकायला बापाने आपला तुटका श्वास तिच्या अंगावर पांघरला. ताईला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं.

बाईंनी तपासणीचा कागद तिच्यापुढे धरला. "फुप्फुसं प्राणवायू पुरवत नाहीत, म्हणून शरीराने तो वाहणाऱ्या लाल पेशी वाढवल्यात. रक्त दाट झालंय, पण लोकांना वाटते तशी ती घाण नाही. ती हवेची भूक आहे. आणि पांढऱ्या पेशींतल्या या इओसिनोफिल वाढल्यात. असं असलं की पंपातलं औषध बहुधा चांगलं लागू पडतं. तुम्ही तर रोज या पेशी मोजता ना?"

मोजत होती. आप्पांच्याही तिनेच मोजल्या होत्या.

दुसऱ्या दिवशी लॅबमध्ये तिने तपासणीच्या एका नळीत उरलेलं रक्त बशीत ओतलं आणि हलवलं. मंत्र नाही, फुंकर नाही. ते लाल झालं. शिरेतल्या रक्तात प्राणवायू कमी, म्हणून ते काळपट. उघड्यावर हलवलं की हवा मिळते, उजळतं. शिकताना पहिल्याच वर्षी पाठ केलेली गोष्ट. काखेत कळसा आणि गावाला वळसा.

पुढच्या बैठकीला तिने सगळ्यांदेखत स्वतःचं रक्त काढलं. नेहमीप्रमाणे गोठू न देणाऱ्या औषधाच्या नळीतून ते वाटीत ओतलं, आणि वाटी महाराजांना न देता खालून आलेल्या शिंपीकाकांच्या हातात ठेवली.

"फिरवा काका."

"मला कुठे मंत्र येतो गं?"

"येतं ते म्हणा."

काका घसा खाकरून म्हणाले, "छाती छत्तीस, कंबर चौतीस, खांदा सतरा, बाही..." वाटी फिरत राहिली. दोन सदऱ्यांची मापं संपेपर्यंत रक्त लालभडक.

मागे कुणीतरी फिसकन हसलं.

"ताई, तुमची श्रद्धा उडाली," महाराज वाटीकडे न बघता म्हणाले.

"उडाली. उशिरा उडाली." ती लोकांकडे वळली. "हवेने लाल झालं. माझं, आप्पांचं, या महाराजांचंही होईल. वाटीत लाल झालं म्हणून छातीतला आजार तसूभर हलत नाही. आप्पांचा पंप मी लपवला होता. तुम्ही यांच्या फुंकरीवर नाही, माझ्या सुईवर विश्वास ठेवलात. डोळ्यांना दिसलं म्हणून मानू नका, का दिसलं ते विचारा. मी विचारलं नाही, आणि विचारायचाच मला पगार मिळतो. डॉक्टरांना विचारल्याशिवाय औषध बंद करू नका."

पुढच्या रांगेतल्या एक बाई नवऱ्याची पाठ चोळत होत्या. "ह्यांचा पंप आम्ही कचऱ्यात टाकला," त्या हळूच म्हणाल्या.

"चला, नवीन लिहून घेऊ." ताईने हात पुढे केला.

बाईंनी त्या हाताकडे बघितलं. धरला नाही. भिंतीच्या आधाराने स्वतः उठल्या, नवऱ्याला उठवलं. जिन्याच्या तोंडाशी मात्र थांबल्या.

"पुढे हो," म्हणाल्या. "दवाखाना तुला माहीत आहे."