सौमित्रची लघवी

अनसूयाबाईंना किळस फार. चहात माशी पडल्याचं दुसऱ्यानं नुसतं सांगितलं तरी त्या आपला कप ओतून द्यायच्या. सांगलीच्या गावभागातल्या त्यांच्या घरात अंघोळीआधी स्वयंपाकघरात पाऊल टाकायची सोय नव्हती, आणि लोणच्याच्या बरणीला सुनेनं हात लावायचा तर आधी कोपरापर्यंत धुवायचा. अशा बाईच्या फ्रीजमध्ये, बर्फाच्या कप्प्यात, नैवेद्याच्या लोण्याला खेटून एके दिवशी लघवीची बाटली निघाली. पिवळीधमक. वर चिकटपट्टीवर नातवाचं नाव.

"शी! भार्गवी, हे काय आणून ठेवलंयस?"

भार्गवी दवाखान्यातून सौमित्रचे कपडे न्यायला आली होती. चार वर्षांचं पोर तापात पहाटे लुळं पडलं होतं. आता त्याला सलाईन लावलं होतं.

"आई, डॉक्टरांनीच सांगितलं होतं ना? पोट रिकामं राहिलं की शरीर चरबी जाळतं. याला ती पुरती जाळता येत नसावी. मग अर्धवट राहिलेली आम्लं लघवीत उतरतात. हा असा लुळा पडला तरच ती सापडतात, पोटात साखर गेली की खूण पुसली जाते. पहाटे सलाईनआधी धरलेली ही बाटली उद्या तपासायला मुंबईला जाईल. कृपा करून हात लावू नका."

"मी कशाला हात लावतेय त्याला!"

हात त्यांनी खरंच लावला नाही. भार्गवी गेली आणि त्या फ्रीजकडे बघत बसल्या. दुधाला तो वास लागला असणार, लोण्याला लागला असणार, असं त्यांच्या मनानं घेतलं. दुपारच्या चहाला दूध काढायला गेल्या आणि त्यांना उमासा आला. मग त्यांनी सांडशी घेतली, तिच्यात बाटली धरली आणि नाकाला पदर लावून मोरीत फोडली. सांडशीही टाकून दिली. फ्रीजवर गोमूत्र शिंपडलं, ते मात्र त्यांना चाललं.

"आवं आक्का, पोराचंच हाय नव्हं, वाघाचं न्हाई," भांडी घासणारी बनुबाई म्हणाली आणि सांडशी घरी घेऊन गेली.

संध्याकाळी परतलेली भार्गवी ओरडली असती तर बरं झालं असतं. ती मोरीतल्या काचा वेचू लागली.

"आई, मुक्ता गेली तेव्हा कशानं गेली ते कळलं नाही. या वेळी कळणार होतं. आता पोर पुन्हा तसंच पडेल तेव्हाच."

मुक्ता ही सौमित्रची थोरली बहीण. दोन वर्षांची असताना दोन दिवसांच्या तापात गेली होती.

श्रावणात सौमित्रला पुन्हा ताप आला. सकाळी डोळे पांढरे करून तो अनसूयाबाईंच्या मांडीवर कलंडला. त्यांचा मुलगा नोकरीमुळे साताऱ्याला; भार्गवी रिक्षा बघायला धावली. लघवी धरायला उकळून ठेवलेली नवी बाटली स्वयंपाकघरात, आणि पोराची चड्डी भिजायला लागली. अनसूयाबाई नुकत्याच अंघोळ करून आलेल्या, हात अजून ओले होते. त्यांनी चड्डी खाली ओढली आणि ओंजळ पुढे धरली. ऊन ऊन धार तळव्यावर पडली. वास नाकात गेला. त्यांनी तोंड वळवून कोरडी ओकारी काढली, पण ओंजळ हलू दिली नाही.

"भार्गवी! बाटली आण गं, सांडतंय!"

भार्गवी दारातूनच मागे धावली. ओंजळीतलं जेमतेम बूडभर बाटलीत गेलं.

"माझे हात ओले होते. पाणी मिसळलं असेल," त्यांनी दवाखान्यात रडवेल्या होऊन सांगितलं.

"असू दे, आजी. तिथे आम्लं लघवीत नेहमीच असणाऱ्या क्रिएटिनीन नावाच्या द्रव्याशी ताडून मोजतात. पाणी मिसळलं तर दोन्ही सारखीच पातळ होतात," डॉक्टर म्हणाले.

पंधरवड्यानं उत्तर आलं. आम्लं क्रिएटिनीनच्या मानानं कितीतरी पट वाढलेली होती.

"आजार कळला, आता पोर वाचेल," डॉक्टर म्हणाले. "फक्त आजारपणात त्याला उपाशी ठेवायचं नाही. खात नसेल तर साखरपाणी द्या, तेही पोटात राहत नसेल तर थेट इथे आणा."

भार्गवीनं डोळ्यांना पदर लावला. अनसूयाबाईंनी विचारलं,

"हिची थोरली होती. तिलाही हेच असेल का?"

"आता खात्रीनं नाही सांगता येणार. पण असू शकतं. त्या तापात ती काय खात होती?"

भार्गवी खाली बघत राहिली.

"तुळशीचा काढा," अनसूयाबाई म्हणाल्या. "तापाला लंघन, म्हणून मी दुसरं काही देऊ दिलं नाही. दूध मागत होती. हिनं वाटी भरून आणली होती, ती मी हातातून काढून घेतली."

परत जाताना दवाखान्याच्या पायऱ्यांवर अनसूयाबाईंचा तोल गेला, तसा भार्गवीनं त्यांचा हात धरायला आपला पुढे केला. त्यांनी दोन्ही हात पदराखाली ओढून घेतले. आयुष्यभर जगाची किळस केली, पण या हातांइतकी कशाचीच आली नव्हती.

"नको गं," त्या म्हणाल्या. "शिवू नकोस मला."