गच्चीवरची चॉकलेटी पट्टी

मित्रांनो, जुनी म्हणावं इतकं माझं वय नाही. मी अ‍ॅल्युमिनियमची पट्टी आहे, मोजून तीन उन्हाळे पाहिलेली. दिग्रसच्या एका माडीवर, खोलीपुढच्या गच्चीत, माझ्यासारख्या पट्ट्या एकीला एक लावून बसवल्या आहेत. माणसांनी आमच्यावर पाय द्यायचा, एवढंच आमचं काम. तेवढं एक काम मला नीट जमलं नाही, म्हणून मान खाली घालून बोलते आहे.

माझा जन्म भट्टीतला. मोडक्या खिडक्या आणि पोचे पडलेली पातेली वितळवून आमचा रस केला आणि साच्यातून लांबच लांब दाबून काढला. मग चॉकलेटी रंगाची भुकटी फवारून पुन्हा भाजलं. इतकं सोसून आल्यावर ऊन माझं काय वाकडं करणार, असं मला वाटे. खरंच, माझं काही वाकडं झालं नाही. झालं ते दुसऱ्याचं.

यवतमाळच्या एका दुकानात मी एसीच्या गारव्यात मांडलेली होते. शेजारी एक पांढुरकी, अंगभर रेघा असलेली पट्टी होती. मी तिच्याकडे बघून नाक मुरडायची. गुळगुळीत काय ती मी, रंग काय तो माझा!

एक दिवस बाबूसिंग आणि त्याची बायको पुष्पा दुकानात आली. त्यांच्या गच्चीवरच्या सागवानी फळ्या पावसाने कुजल्या होत्या, उरल्यासुरल्या वाळवीने खाल्ल्या. चपला दाराबाहेर काढायची रीत होती, त्यामुळे पुष्पा अनवाणीच माझ्यावर उभी राहिली.

"अगं बाई, काय थंडगार लागते! आईच्या तळपायाले बरं वाटन."

बाबूसिंग म्हणाला, "हे फिकट बी पाहून घे एक डाव."

"कायले? गच्चीले दवाखान्यावानी कळा आणता का?"

झालं. माझी निवड ठरली. मी अशी फुगले की काय सांगू. एसीत लोखंडसुद्धा गारच लागतं, हे मला कळायला हवं होतं. पण कौतुक ऐकताना कोणाला कळतं?

ज्या आईसाठी मला आणलं ती लालीबाई, बाबूसिंगची आई. उभा जन्म बंजाऱ्यांच्या तांड्यावर, उघड्या आभाळाखाली गेलेला. आता गुडघ्यांमुळे तिला जिना उतरवत नव्हता. म्हणून ही गच्चीच तिचं अंगण आणि तिची गल्ली. इथूनच ती पलीकडच्या गच्चीवरच्या नंदाबाईशी बोलायची, तिथली भांडणंही इथूनच सोडवायची. हिवाळ्यात मला बसवलं, तेव्हा सुनेच्या पाठीमागे नंदाबाईला ओरडून म्हणाली, "पाह्य, आमच्या पुष्पानं काय निवडून आणलं! तुह्या सुनेले म्हण, शिकून घे!"

सुनेच्या तोंडावर मात्र चकार शब्द नाही. मानी बाई.

मग चैत्र आला. लालीबाईने सकाळी माझ्यावर लुगडं अंथरून कुरड्या घातल्या. जिथं खायची वस्तू वाळते तिथं चप्पल चढवायची नाही, हा तिचा नेम. भर दुपारी वानरं उतरली. म्हातारी काठी घेऊन तशीच अनवाणी धावली.

मित्रांनो, तोवर माझ्या गडद रंगाने ऊन ओढून मी तव्यासारखी तापले होते. तिचा तळवा चर्रकन भाजला. दुसरा पाय टाकला, तोही भाजला. ती ओरडली नाही. वानरं हाकलली, कुरड्या गोळा केल्या आणि टाचांवर लंगडत आत गेली. मला जीभ असती तर मीच बोंब मारली असती.

त्या दिवसापासून लालीबाईने गच्चीवर पाऊल टाकलं नाही. पुष्पा शिवणकामाच्या दुकानात जाई, संध्याकाळी परते. आणि माझी खोड अशी, की ऊन उतरलं की मी झटकन निवते. ती घरी येई तेव्हा मी पुन्हा थंडगार, साळसूद. तिला काय कळणार?

"आई, काहून बसून राह्यल्या खोलीत? गच्ची काय चावते का?"

"चावते."

"मी निवडली म्हणून चावते, हो ना?"

"तुले जे समजायचं ते समज."

बोलण्याने बोलणं वाढलं, मग बंदच झालं. एक दिवस म्हातारी लेकाला म्हणाली, "मले तांड्यावर नेऊन सोड."

बाबूसिंग हात जोडून म्हणाला, "याडी, तिथं तुले पाणी कोण देईन?" याडी म्हणजे त्यांच्या बोलीत आई. याडी बधली नाही. जिला हिंडता यावं म्हणून मला आणलं, तीच माझ्यामुळे घर सोडून निघाली होती. मी खिळ्यांनी जखडलेली. तोंड लपवायलाही जागा नव्हती.

निघायच्या दिवशी पुष्पा घरीच थांबली आणि सासूचं बोचकं बांधायला बसली. डोळे भरलेले. दुपारी वावटळ उठली आणि दोरीवरची गोधडी उडाली. पुष्पा होती तशी अनवाणी गच्चीवर धावली.

"आई गं!" म्हणून किंचाळली आणि उड्या मारत उंबऱ्यात येऊन आदळली.

खाटेवरून लालीबाई म्हणाली, "चावली?"

पुष्पाला एकदम उमगलं. मग सरकत खाटेजवळ गेली आणि म्हातारीचा पाय मांडीवर घेऊन तळवा उलटा केला. भाजल्याचे काळे डाग अजून होते.

"सांगतलं काहून नाही?"

"साऱ्या गल्लीत तुही बढाई मीच मारलती. कोण्या तोंडानं सांगू, का माही सून फसली?"

पुष्पा रडता रडता हसली. "फसली तर फसली. तुमचे पाय कायले जाळून घेता?"

बोचकं सुटलं. बाबूसिंगने वर हिरवी जाळी ताणली, पुष्पाने काथ्याच्या चटया अंथरल्या. लालीबाई पुन्हा गच्चीवर येते, नंदाबाईशी भांडते. मला कोणी उखडून फेकलं नाही. शिव्याही दिल्या नाहीत. दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

कारण आता उंबरा ओलांडण्याआधी लालीबाई रोज वाकते. दुखऱ्या गुडघ्यांवर हात टेकून वाकते आणि चटईबाहेर उघड्या राहिलेल्या माझ्या कडेला उलटा हात लावून पाहते, तवा तापला का पाहावं तसा. मग पाऊल टाकते. जिने विश्वासाने पाय टाकावा म्हणून मी आले, तिला माझ्यापुढे वाकावं लागतं. ही लाज कोणत्या रंगाने झाकू?

म्हणून सांगते, मित्रांनो. तुमच्या घरची गच्ची करताना माझ्यासारखीचा रंग बघून भुलू नका. तिला आधी भर दुपारच्या उन्हात टाका आणि मग पाय ठेवून पाहा. आणि घरातलं म्हातारं माणूस एखाद्या जागी जायचं सोडून देईल, तेव्हा त्याचा स्वभाव काढण्याआधी त्याचे तळवे बघा.