मागच्या सीटचं वजन

तराजूसाहेबांनी तीस वर्षं वजनमापं तपासली. ते बाजारात शिरले की दुकानदार आधी पारडं पुसायचे आणि मग कपाळावरचा घाम. दहा ग्रॅमचा फरक त्यांना नुसत्या नजरेनं कळायचा, आणि एकदा कळला की समोर सासरा का असेना, दंडाची पावती फाटलीच. सासऱ्यांचं किराणा दुकान होतं, म्हणून हे उगाच म्हणत नाही. त्यांचं खरं नाव लोक कधीच विसरले होते, आणि जिला आठवत होतं ती बायको 'अहो'वर भागवायची.

निवृत्त झाल्यावर साहेबांनी लांबच्या प्रवासाची दणकट मोटरसायकल घेतली. दोन्ही बाजूंना सामानाच्या पेट्या, मागे बायको. सहा वर्षं दोघांनी पायाला भिंगरी लावल्यासारखे रस्ते पालथे घातले. मग तिच्या पाठीतली चकती सरकली आणि चार महिने अंथरुणात गेले. उठली तेव्हा डॉक्टर म्हणाले, गाडीवर बसायला हरकत नाही, पण दणके बसता कामा नयेत. आता रस्त्यावरचे खड्डे काही डॉक्टरांना विचारून पडत नाहीत.

"एकदा बसून बघीन," ती म्हणाली. "पाठीनं नाही म्हटलं तर गाडी विकायची. मी घरात आणि तुम्ही एकटे रस्त्यावर, हे मला सोसणार नाही."

साहेबांनाही सोसणार नव्हतं. म्हणून त्यांनी गाडीला हवेचं सस्पेन्शन बसवायचं ठरवलं. मागचे दोन लोखंडी स्प्रिंग काढायचे, त्यांच्या जागी हवा भरलेले शॉक-अब्सॉर्बर लावायचे. ओझं जास्त असेल तर बटण दाबून हवा वाढवायची, कमी असेल तर सोडायची.

मेकॅनिक चाळिशीतली बाई होती. बोलणं कमी, हात चालू. तिनं जॅक लावून मागचं चाक अधांतरी केलं, जुने स्प्रिंग काढले, नवे शॉक-अब्सॉर्बर लावले. मुठीएवढा कॉम्प्रेसर बाजूच्या झाकणाआड दडवला. हवेची नळी सायलेन्सरपासून लांबून फिरवली, नाहीतर तापून वितळली असती. सगळ्या जोडांना साबणाचं पाणी लावून बुडबुडा कुठे येतो का पाहिलं. कुठेच आला नाही. मग ती हात पुसत म्हणाली, "काका, आता दोघांची वजनं सांगा. त्यावरून हवा ठरते."

"अठ्ठ्याहत्तर," साहेब पोट आत ओढत म्हणाले.

"आणि काकू?"

"अठ्ठावन्न," काकूंनी पापणीही न लववता सांगितलं.

साहेबांनी चमकून तिच्याकडे पाहिलं. अठ्ठावन्न ती होती, पण तेव्हा त्यांच्या डोक्यावर भरगच्च केस होते. परवाच दवाखान्याच्या फाइलीत त्यांनी स्वतःच्या डोळ्यांनी एकाहत्तर वाचलं होतं. तेरा किलो! एखाद्या दुकानदारानं असं केलं असतं तर साहेबांनी त्याच्या दुकानाला टाळं लावलं असतं. पण इथे परक्या बाईसमोर बायकोची झाकली मूठ उघडायची? ते मूग गिळून गप्प बसले.

"बसून दाखवता का? सीट किती दबते ते टेपनं मोजते," मेकॅनिक म्हणाली.

"इथे नको," काकू घाईनं म्हणाल्या. चढताना अजून हाताला धरावं लागायचं, ते त्यांना चारचौघांत दाखवायचं नव्हतं. मेकॅनिकनं मान हलवली, सांगितलेल्या वजनांवरून हवा भरली आणि आकडा कागदावर लिहून दिला. साहेबांचा स्वभावच असा, की लिहून दिलेल्या आकड्याला ते हात लावत नसत.

दुसऱ्या दिवशी सकाळी दोघं निघाली. सपाट रस्त्यावर सगळं छान होतं. शाळेजवळ गतिरोधक आला. साहेबांनी वेग कमी केला, तरी मागचं चाक उतरताना खालून 'धाड' आवाज आला आणि पाठोपाठ तिचं 'आई गं!' साहेबांनी गाडी कडेला घेतली. ती उतरली आणि कमरेवर हात ठेवून उभी राहिली.

"संपलं माझं," ती म्हणाली. "चला घरी. विकून टाका."

परत येताना ती रिक्षानं आली. साहेब मागून रिकामी गाडी घेऊन आले. इतकी हलकी गाडी त्यांना कधीच नकोशी वाटली नव्हती.

दुपारपर्यंत तिची पाठ निवली, पण चेहरा काही निवला नाही. ती स्वयंपाकघरात भांडी पुसत होती, पुसलेलीच पुन्हा पुसत होती. साहेब दारात येऊन उभे राहिले. आयुष्यभर दुसऱ्यांची मापं धरली आणि आपल्याच दिव्याखाली हा अंधार! त्यांना स्वतःची इतकी लाज कधी वाटली नव्हती.

"अगं, एक सांगायचंय. रागावू नकोस."

"सांगा."

"तू अठ्ठावन्न नाहीस. एकाहत्तर आहेस. मी फाइलीत वाचलंय. मला माहीत होतं आणि मी तिथे बोललो नाही. हवा कमी पडली, म्हणून गाडीची मागची बाजू पार दबून आपटली."

ती वळली. हातात पातेलं होतं. ते आपल्याकडे येणार अशी साहेबांनी मनाची तयारी केली.

"म्हणजे... पाठीनं दगा नाही दिला?"

"पाठीचा काय संबंध? तो दणका घोड्यालाही लागला असता."

तिनं पातेलं खाली ठेवलं, स्टुलावर बसली आणि पदरात तोंड घालून रडायला लागली. साहेब घाबरले. मग त्यांच्या लक्षात आलं, ती रडता रडता हसतेय.

"तेरा किलोच ना?" ती म्हणाली. "अहो, मला वाटलं कणाच गेला कामातून! सकाळपासून मी मनातल्या मनात तुमची गाडी विकतेय." तिनं डोळे पुसले. "आणि तुम्ही हो? अठ्ठ्याहत्तर?"

"सत्त्याऐंशी," साहेब पुटपुटले.

"मला ठाऊक होतं. पँट मीच सैल करून देते ना."

दोघांचे मिळून बावीस किलो चोरीला गेले होते आणि चोर दोघंही घरातलेच होते. साहेबांचा जीव भांड्यात पडला.

त्याच संध्याकाळी ती गॅरेजात मेकॅनिकच्या हाताला धरून, सगळ्यांदेखत गाडीवर चढली. "एकाहत्तर आणि सत्त्याऐंशी," तिनं खणखणीत सांगितलं. मेकॅनिक हसली नाही, एवढे उपकार तिनं केले. टेप लावून सीट किती दबते ते मोजलं, हवा वाढवली, पुन्हा मोजलं, आणि जुना कागद फाडून नवा आकडा लिहून दिला.

शाळेजवळ साहेबांनी दात आवळले. गाडी वर गेली, खाली आली. मागून आवाज नाही.

"अगं? दुखलं का?"

"आला होता गतिरोधक?"

साहेबांना हुंदका आला, तो त्यांनी हेल्मेटमध्येच जिरवला. पहिल्या दिवशी एवढं पुरे, असं त्यांनी आधीच ठरवलं होतं. चौकात त्यांनी घराकडे वळायला दिवा दाखवला.

पाठीवर थाप पडली. "वळता कशाला?" ती म्हणाली. "सरळ चला."