खांबावरची सही

मी एका जुन्या हिरव्या मोटारीचं स्टिअरिंग बोलतोय. बोलतोय म्हणजे काय, मान खाली घालून बोलतोय. एकोणीस वर्षं गप्प होतो, आज जरा ऐकून घ्या.

तसा मी चांगल्या घरचा. काळा, चकचकीत, तीन आऱ्यांचा. कारखान्यात मला कॉलमच्या, म्हणजे चाकं वळवणाऱ्या, दांड्यावर चढवलं तेव्हा माझ्यावर एक आणि दांड्यावर एक असे बारीक ठिपके ठोकले होते. माझ्या पोटात दाते, दांड्यावरही दाते. ठिपक्यासमोर ठिपका आला की माझा आरा सरळ आणि गाडीही सरळ. एवढी साधी गोष्ट. पण ते ठिपके पडले नटाखाली, ग्रीसमध्ये. तिथे कोण मरायला बघतंय?

तीन मालक झाले, चौथा भेटला तो घड्याळजी. गावभरची बंद घड्याळं त्याच्याकडे यायची आणि टिकटिकत परत जायची. केसाएवढी स्प्रिंग चिमट्यात धरली तरी हात थरथरायचा नाही. गाडीवर त्याचा भारी जीव. दर रविवारी मला मऊ फडक्यानं पुसायचा. खोड एकच, "माझ्या गाडीला परका हात लागायचा नाही!"

बायकोला गाडी त्यानंच शिकवली. "हात दहा वाजून दहा मिनिटांवर ठेव. आरा सरळ, तर गाडी सरळ." ती अगदी तस्संच धरायची. पलीकडच्या गावी तिची थोरली बहीण अंथरुणाला खिळली होती. घड्याळजीला दुकान सोडता यायचं नाही, म्हणून ही दर बुधवारी एकटी गाडी घेऊन जायची, ताईला न्हाऊमाखू घालून परत यायची. वाटेत गुणगुणायची. खरं सांगतो, इतक्या हातांमध्ये मला तिचेच हात आवडायचे.

मग हॉर्न बिघडला. घड्याळजीनं मला उपसून काढलं, वायर जोडली, पुन्हा बसवलं. खूण काही बघितली नाही. एक दात चुकला. घड्याळाच्या हिशेबानं दीडेक मिनिट. नट आवळल्यावर त्याला दिसलं हो. "जरा तिरकं वाटतंय," असं पुटपुटलासुद्धा. मी मनात म्हटलं, काढ बाबा, पुन्हा काढ! तेवढ्यात आतून जेवायची हाक आली. "असू दे, चालतंय," म्हणून पाना टाकून गेला. पुढे मला किंचित कलतं धरायची त्याच्या हातांना सवय झाली.

तिला मात्र कुणी सांगितलंच नाही. बुधवारी ती बसली. हात दहा-दहावर, आरा सरळ. दारापासून फाटकापर्यंत लांबट वाट, आणि फाटक अरुंद. मी वर सरळ दिसत होतो, खाली चाकं डावीकडे निघाली होती. ओरडावंसं वाटलं, पण हॉर्न काही आपणहून वाजत नाही. खर्रकन फाटकाच्या खांबाला घासलो. मडगार्ड चेपलं, खांबावर लांब हिरवा ओरखडा उठला.

घड्याळजी धावत आला. त्यानं आधी माझ्याकडे बघितलं. शपथेवर सांगतो, आधी माझ्याकडेच! त्याला कळलं. आणि मग तो बायकोकडे वळला.

"अगं, डोळे कुठे होते तुझे?"

"मी सरळच धरलं होतं हो."

"मग काय खांब चालत आला?"

शेजारी हसले. तीही कसनुसं हसली. त्यानंतर तिनं मला हात लावला नाही. बुधवारी ती बसनं जाऊ लागली, दोन बस बदलून. मग महिन्यातून एकदा. बहीण गेली तेव्हा ही दुसऱ्या बसची वाट बघत थांब्यावर उभी होती. पुढे एकदा माझ्या शेजारच्या सीटवर बसून तिनंच हे घड्याळजीला सांगितलं. सांगताना ती खिडकीबाहेर बघत होती.

आणि खांबावरचा ओरखडा? पाहुणा आला की घड्याळजी तो कौतुकानं दाखवायचा. "ही आमच्या बाईसाहेबांची सही!" पाहुणे खो खो हसायचे, ती चहा ठेवायला आत जायची. दरवेळी मला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. सही कुणाची, हे त्याला ठाऊक होतं आणि मला.

एकोणीस वर्षांनी मी डगडगायला लागलो. वळताना खरखर आवाज, धरलं की वरखाली. घड्याळजीची बोटं एव्हाना आखडलेली. त्यानं तेल सोडलं, ओढून बघितलं, पण मी दांड्यावरून काही सुटलो नाही. शेवटी त्याला मेकॅनिक बोलवावाच लागला.

मेकॅनिकनं मला चारी बाजूंनी हलवून बघितलं. "काका, स्टिअरिंग घट्ट आहे. आत दांड्याला धरून ठेवणारी कडी, कॉलमचं बुश, झिजलंय. हे काढावं लागेल." पुलर लावून त्यानं मला उपटलं, चिंधीनं ग्रीस पुसलं आणि थबकला. "अरेच्चा! ठिपके जुळत नाहीत. एक दात चुकवून बसवलंय हे. आरा सरळ धरला तर गाडी डावीकडे जाणार."

बायको चहाचे कप घेऊन दारात उभी होती. "किती डावीकडे?"

"फार नाही काकू. इथून फाटकापर्यंत वीतभर."

तिनं खांबाकडे बघितलं.

"कुठल्या गॅरेजला दिली होती हो काका?"

बघा, सुटायची वाट किती सोपी होती! एखाद्या बंद पडलेल्या गॅरेजचं नाव घ्यायचं, की संपलं. गावात त्याच्या हाताचं एवढं नाव. मी मेकॅनिकच्या मांडीवर उताणा पडून जीव मुठीत धरला.

"गॅरेजला नाही. मीच काढलं होतं," घड्याळजी म्हणाला. "आणि मला माहीत होतं."

"त्या दिवशीसुद्धा?" तिनं विचारलं.

"त्या दिवशीसुद्धा."

ती ओरडली नाही. कप खाली ठेवले. "माझी ताई वाट बघत गेली हो," एवढंच म्हणाली.

नवं बुश बसलं. मेकॅनिकनं ठिपक्यासमोर ठिपका आणला, नट आवळला. तिनं हात पुढे केला. "किल्ली द्या. लायसन्स संपलंय, ठाऊक आहे मला. फाटकापर्यंतच जाते."

हात दहा वाजून दहा मिनिटांवर. कातडी सुरकुतलेली, पकड तीच. गाडी सुतासारखी सरळ गेली आणि दोन्ही खांबांच्या बरोबर मध्ये थांबली.

घड्याळजी मागून धावत आला. "तो ओरखडा आजच घासून काढतो."

"काढायचा नाही," ती म्हणाली. "येणाऱ्याजाणाऱ्याला दाखवत होतात ना? दाखवा. सही कुणाची, ते मात्र खरं सांगायचं."

रविवारी त्याचा धाकटा भाऊ आला. फाटकातूनच हसत म्हणाला, "काय वहिनी, तुमची सही अजून आहे वाटतं!"

घड्याळजी मला पुसत होता. फडकं तिथेच थांबलं. "तिची नाही. माझी आहे ती."

भावाला चेष्टाच वाटली, तो आणखी हसला. तेव्हा घड्याळजी उठून उभा राहिला आणि पुन्हा म्हणाला, शेजाऱ्यांनाही ऐकू जाईल असं.

सध्या मी जागेवर आहे. तिनं लायसन्सचा अर्ज आणलाय. बुधवारी कुठे जाणार, कोण जाणे. जायचं ते घर आता राहिलं नाही. तुमच्या घरात कुणाच्या हातून गाडी वाकडी गेली, तर तोंड उघडण्याआधी एकदा आमचा नट उघडून बघा, एवढीच विनंती.

आणि बाई, सही त्याची असली तरी घासलो मीच. जमलं तर मला माफ करा.