एकही चेंडू न खेळता

रंजीता पॅड बांधून मैदानात उतरली, पंचांशी दोन शब्द बोलली आणि एकही चेंडू न खेळता माघारी वळली. टी.व्ही.च्या पडद्यावर तिच्या नावापुढे ‘बाद’ ही अक्षरे उमटली.

इंझोरी गावात पुंजाजीच्या अंगणात जमलेली माणसे एकमेकांकडे पाहू लागली. लग्नानंतर रंजीता आखातात स्थायिक झाली होती आणि विश्वचषकाच्या पात्रता स्पर्धेत त्याच देशाकडून खेळत होती. तिचा खेळ पाहण्यासाठी तिच्या बापाने, पुंजाजीने, घरोघरी जाऊन आमंत्रणे दिली होती. गावातल्या उदयसिंगला तर, रंजीताला तसे आधीच कळवून, आग्रहाने पुढच्या खुर्चीवर बसविले होते. कारण ‘पोरीच्या जातीनं चेंडू फेकून काय दिवे लावावे?’ हे त्याचे जुने वचन पुंजाजीच्या काळजात कुसळासारखे रुतून बसले होते.

उदयसिंगने मिशीवरून बोट फिरविले.

“काय पुंजाजी, पोरगी पान्याची बाटली पोचवाले गेली होती काय?”

अंगणभर हशा पिकला.

“थांबा जरा,” पुंजाजीची बायको भागिरथा दारातून त्याला म्हणाली. “तिच्यामागची बी तशीच परत आली. काहीतरी कारन असन.”

“कारन मले समजते! परक्या मुलखातली पोर म्हून हाकलून राह्यले तिले!”

क्रोधाने पुंजाजीचा विवेक ग्रासला. त्याने टी.व्ही.ची वायर अशी हिसडली की बटनांची पाटीच भिंतीतून उखडून हाती आली.

“उठा! तमाशा खतम! उदयसिंग, तूबी ऊठ!”

खुर्च्या कलंडल्या, माणसे पांगली. पुंजाजी तडक वावरात गेला आणि कापसाच्या वाळलेल्या पऱ्हाट्या नुसत्या हातांनी उपटू लागला. प्रत्येक पऱ्हाटीगणिक तो तिच्या संघाच्या अनोळखी प्रशिक्षकाच्या सात पिढ्यांचा ओरडून उद्धार करी, मग उदयसिंगच्या. तळहात सोलून निघाले, तरी संताप ओसरेना.

दिवस मावळता तो परतला. भागिरथा चुलीपुढे मोबाईल मांडीवर घेऊन बसली होती.

“रडली असन पोरगी,” तो दारातूनच घोगऱ्या आवाजात म्हणाला.

“रडाले काय झालं? जिंकल्या त्या.”

पुंजाजी उंबरठ्यावरच थबकला.

“धावा ढीगभर झाल्या होत्या अन् तिकडं आभाळ भरून राह्यलं होतं. ह्या वीस षटकाच्या खेळात डाव मधातच सोडता येत नाही म्हने. म्हून एकेक जन आपल्या मनानं बाद होऊन परत आली, पावसाच्या आंधी दुसरीयले खेळवाले. मंग रंजीनं चार गडी घेतले.”

“तुले कोनं सांगतलं?”

“कोन सांगन? मोबाईलवर पाह्यलं म्या.”

पुंजाजीने काही विचारण्यासाठी तोंड उघडले, तोच तिच्या मांडीवरचा मोबाईल वाजला. भागिरथाने तो त्याच्यापुढे धरला.

“बाबा!” पलीकडून रंजीताचा आवाज उसळला. “पाह्यलं ना तुमी? उदयसिंगकाकाचं तोंड कसं झालं होतं?”

पुंजाजीने अंगणाकडे पाहिले. पुढची खुर्ची अजून पालथीच होती.

“पाहन्यासारखं झालं होतं, बेटा.”

“अन् शेवटच्या विकेटले? तुमी लय ओरडले असान!”

भागिरथाने मान वळवून चुलीतले लाकूड पुढे सारले.

“हो ना,” तो म्हणाला. “गळाच बसला माहा.”

आणि वावरात शिव्या देऊन देऊन त्याचा गळा खरोखरच बसला होता.