किडीचा पुरावा

लाखांदूरचे धानाचे व्यापारी श्यामराव यांची मुलगी रीना लंडनच्या जुन्या पुस्तकविक्रेत्यांवर प्रबंध लिहीत होती. आता दोन ग्रंथालयांत असलेली दोन पुस्तकं पूर्वी एकाच बांधणीत विकली गेली, असा तिचा संशय होता. पण पुरावा मिळेना, तिथंच घोडं पेंड खात होतं.

श्यामरावांनी लॅपटॉपवरच्या पानांच्या फोटोंत डोकावलं. एका पुस्तकाच्या शेवटच्या आणि दुसऱ्याच्या पहिल्या पानाला किडीनं भोकं पाडली होती.

"जुळवून पाय ना! गोदामात दोन पोत्यायचे भोकं समोरासमोर आले, का समजाचं, थे थप्पीत चिपकून होते."

रीनानं एक फोटो उलटवून दुसऱ्यावर ठेवला. अकराच्या अकरा भोकं तंतोतंत जुळली.

"बाबा, प्रबंधात तुमचे आभार मानीन!"

"माहे कायले? त्या किड्याचे मान. तू दोन वर्षं नुसती अक्षरंच पाहून राहिली."