तळहातातली दोन सेंटिमीटर वाट

मित्रांनो, मी एक नळी आहे. जुनी म्हणावं इतकं माझं वय नाही, पण निम्मंअधिक अंग विरघळून गेलं आहे. उरले आहे तोवर सांगते. माझी लांबी दोन सेंटिमीटर, जाडी भाताच्या काडीएवढी. कातडीला बळकटी देणारं कोलॅजन नावाचं प्रथिन असतं, त्यापासून मला कारखान्यात घडवलं. स्पर्श कळवणारी नस तुटून तिच्या दोन टोकांत अंतर पडलं, की त्या अंतरात राहून तिला वाट दाखवायची, एवढंच माझं काम.

पण काम मिळेना. बोईसरच्या एका दवाखान्यातल्या कपाटात मी दोन पाकिटांच्या आत एकटी पडून होते. सामान सांभाळणारा प्रफुल्ल महिन्यातून एकदा मला उचलायचा, तारीख वाचायचा आणि परत ठेवून द्यायचा. ती तारीख उलटली असती तर मी कोणाच्याही उपयोगी न पडता कचऱ्यात गेले असते.

तेवढ्यात शिरगावच्या दमयंतीबाई आल्या. त्यांचे यजमान वारलेले, मुलगी तेजल लग्न होऊन नाशिकला. घरी त्या एकट्याच. वाडीतला मोगरा खुडायचा, गजरे करायचे, हा त्यांचा दिवस. नारळ सोलताना कोयता निसटून डाव्या तळहातात घुसला. टाके पडले, जखम भरली, पण अंगठ्याशेजारचं बोट बधिरच राहिलं. आज बरं होईल, उद्या होईल म्हणत त्यांनी दोन महिने घालवले. चिमटीतल्या कळ्या नकळत गळायला लागल्या, तेव्हा कुठे दवाखान्याची पायरी चढल्या.

"लगेच आला असता तर नुसती नस शिवून भागलं असतं," डॉक्टर म्हणाले. "आता नसेची खराब टोकं कापावी लागतील. मधे नळी बसवू. पण नस वाढते फार सावकाश, दिवसाला जेमतेम एक मिलिमीटर. धीर धरावा लागेल."

असं मला घर मिळालं. एका बाजूला जिवंत नस, दुसऱ्या बाजूला तिची वाट पाहणारं टोक आणि मधे मी, पोकळ. बरेच दिवस काहीच घडलं नाही. मग केसाहून बारीक तंतू चाचपडत माझ्यात शिरले. मला वाटलं, आता सोबत झाली. पण ते पुढे सरकत राहिले, पलीकडे गेले आणि बोटाच्या टोकाकडे निघून गेले. ते मागे कशाला वळतील?

बाहेर दमयंतीबाईही माझ्यासारख्याच एकट्या, वाट पाहत होत्या. दवाखान्यात हाताचे व्यायाम शिकवणारी जागृती त्यांना डोळे मिटायला लावून बोटावरून कधी कापूस फिरवायची, कधी काथ्या.

"काय आहे, काकू?"

"काय नाय कळत."

एकदा त्यांनी गरम पातेलं उचललं. कातडी भाजल्याचा वास आला, तेव्हा त्यांना समजलं. पुढच्या खेपेला त्या जागृतीला म्हणाल्या, "मी आता येणार नाय. या वयात मला बोट काय करायचंय? घरात एकटी तर हाय."

जागृती फोडावर मलम लावत होती. ती हळूच म्हणाली, "एकट्या माणसालाच दोन्ही हात धड लागतात, काकू."

दमयंतीबाई गुरुवारी परत आल्या, त्यापुढच्या गुरुवारीही.

पाचव्या महिन्यात त्या वाडीत आंब्याखाली पाला गोळा करत होत्या. एकाएकी हात झटकून खाली बसल्या. बराच वेळ बोटाकडे पाहत राहिल्या. मग त्यांनी मुलीला फोन लावला.

"तेजल, मला लाल मुंगी चावली."

"मग चुना लाव ना, आई. त्यासाठी फोन केलास?"

"तसं नाय गं. डाव्या हाताच्या त्याच बोटाला चावली. मला कळलं."

दोघी फोन धरून रडत राहिल्या.

त्या दिवसापासून सगळे डॉक्टरांचं नाव घेतात, जागृतीचं घेतात, आणि ते योग्यच आहे. माझं नाव दमयंतीबाईंनाही ठाऊक नाही. थोड्या दिवसांत मी पुरती विरेन आणि माझ्या जागी फक्त त्यांची नस असेल.

मित्रांनो, एक मागणं आहे. जखम वरून भरली तरी बोट बधिर राहिलं असेल, तर वाट पाहत बसू नका, लगेच दाखवा. आणि तुमच्या ओळखीचं कोणी एकटं राहत असेल, तर त्याच्या हातांची अधूनमधून चौकशी करत जा. दुखत नाही म्हणजे बरं आहे, असं नसतं.